आठ नालांची पेटी

सहा वाजायच्या आतच चपलांचा ढीग गटाराच्या कडेपर्यंत पोचला होता. उधन्याहून रिक्षा भरभरून बाया आल्या होत्या. पलसाण्याच्या डाइंगमधली माणसं हातावरचा निळा-गुलाबी रंगही न धुता आली होती. गुजरातेतल्या पांडेसऱ्याच्या त्या गल्लीतलं देवीचं देऊळ एवढंसं, की पुजाऱ्यानं हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. पण त्या रविवारी देवीचं दर्शन कुणालाच घ्यायचं नव्हतं. सगळ्यांना मेलेली पार्वती ऐकायची होती.

मंदा माइकपुढं येऊन बसली. तीन रविवार झाले, हेच चाललं होतं. भजनी मंडळाच्या इतर बाया तासभर गात, साऊंड सांभाळणाऱ्या छगनचा अ‍ॅम्प्लिफायर निमूट चालत असे. शेवटचं गाणं मंदाचं. ते तिच्या थोरल्या जावेनं, पार्वतीनं, स्वतः जुळवलेलं होतं. पार्वती जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

मंदानं डोळे मिटले आणि सूर धरला. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात सुताच्या कांड्या भरण्यात बावीस वर्षं गेलेली बाई ती. तिथं शेजारणीला हाक मारायची तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं, त्यामुळं हळू गाणं तिला जमतच नसे. पहिली दोन कडवी ठीक गेली. तिसऱ्याला ती ओळ आली.

"दार उघडं ठेव माय, मी येते गं परतून..."

'परतून'वर आवाज चढला. स्पीकरच्या पेट्यांतून घोगरं, घसा दाबल्यासारखं कण्हणं आलं, आणि सगळं एकदम बंद झालं. मंदाचे ओठ हलत राहिले. तिचा स्वतःचा उघडा आवाज तिलाच परका वाटला.

"उनी वं माय, ती उनी!" ती आली, असं मागून एक खानदेशी बाई किंचाळली.

सगळ्यांच्या माना डावीकडच्या चौथ्या पेटीकडं वळल्या. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'कै. पार्वती सुपडू यांच्या स्मरणार्थ'. कण्हणं चारही पेट्यांतून आलं होतं, पण बाकीच्या तिघींकडं बघणार कोण? ज्या पेटीवर मेलेल्या बाईचं नाव, भूत तिच्यातच असणार, असा साधा हिशेब होता.

आता भूत उतरवणाऱ्या आनंदा भगताची पाळी होती. हा गृहस्थ अ‍ॅम्प्लिफायरला खेटूनच बसत असे. पहिल्याच रविवारी त्यानं त्या यंत्राला देवीची लाल शाल गुंडाळली होती, चांगली जाड, चारी बाजूंनी. भजन सुरू असेपर्यंत ती काढायची नाही असा त्याचा हुकूम होता. आता त्यानं शाल झटक्यात ओढली, कडुलिंबाचा मोठा डहाळा उचलला आणि यंत्रावर सपासप वारा घालायला लागला.

"कोन शे तू? बोल! कुठून आली? हे वायरचं कनेक्शन नाही भाईओ, आत्म्याचं कनेक्शन आहे! मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. माझी लाइन थेट वरून येते!" मग तो त्या पेटीमागं गेला आणि मोबाइलच्या उजेडात तिच्या पाठीवरची खूण लोकांना दाखवली. "वाचा! आठ लिहिलंय. आणि आठच्या पुढं काय? घोड्याची नाल! आठ नाल ठोकून बांधली तरी ही बाई थांबत नाही, इतकी तिची वासना जबर!"

खूण खरोखर नालेसारखीच दिसत होती. लोकांनी हात जोडले. भगतानं एकशे आठ वेळा कसलंसं नाव घेतलं, डहाळा एकसारखा हलत राहिला, आणि दहा-बारा मिनिटांनी पेट्यांत 'टक्' झालं, घूं घूं आवाज आला, माइक जिवंत झाला. सगळ्यांनी देवीचा जयजयकार केला. जय भगताचाच झाला होता, देवी बिचारी आत अंधारात होती.

मग भगतानं मंदाकडं बोट दाखवलं. "पार्वतीला हिचा गळा पाहिजे. ती हिच्या गळ्यातून घरात शिरणार. पुढच्या रविवारी तिचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी हिच्या कंठाला डाग द्यायचा. चांदीचा रुपया लाल होईस्तोवर तापवायचा आणि एकदाच टेकवायचा. आत्मा सुटेल, हीही सुटेल."

पार्वतीचा नवरा सुपडू हा मंडळाचा प्रमुख आणि मंदाचा जेठ, थोरला दीर. त्यानं मान खाली घालून 'हो' म्हटलं. मंदाचा नवरा विजय थोरल्या भावापुढं कधी बोललेला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मंदानंही मान हलवली.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. घरात ती बोलेनाशी झाली. काही बोलायला तोंड उघडलं की वाटे, आता यातून पारूबाई बोलणार. खात्यात लूमच्या खडखडाटात तिला कण्हणं ऐकू यायचं. भाकरी थापताना हात थांबायचा आणि तव्यावरची करपून जायची. देवळावरून जाताना ती त्या पेटीकडं बघत नसे, पण पेटी आपल्याकडं बघते आहे असं तिला पाठीत जाणवे. तिची पूर्ण खात्री पटली होती, कारण भगताला ठाऊक नसलेली एक गोष्ट तिला ठाऊक होती.

शनिवारी दुपारी गायत्री आली. सुपडू आणि पार्वतीची ही एकुलती लेक वापीकडच्या एका आय.टी.आय.त वायरमनच्या वर्गाला शिकवते. आईच्या श्राद्धासाठी दोन दिवसांची रजा काढून आली होती. बाप फोनवर फक्त 'तुझ्या आईची पेटी छान वाजते' एवढंच सांगत असे. खरी हकिगत तिला गल्लीच्या तोंडाशीच भाजीवालीनं सांगितली. ती वडिलांकडं न जाता तडक काकूच्या खोलीत शिरली.

"काकू, हे डागण्याचं काय ऐकतेय मी?"

"बस गं पोरी. चहा टाकते."

"चहा नको. तू हो म्हणालीस?"

मंदा पदराचं टोक पिळायला लागली. मग कुजबुजली, "मनी चूक शे, माझीच चूक, गायत्री. तुझ्या आईला तो खोकला लागला ना, खात्यातल्या सुताच्या कोंड्याचा, तेव्हा शेवटचं गाणं मंडळानं मला दिलं. ती भांडली. मी तिला भरल्या बायांत म्हणाले, तुझ्या घशात आता काय राहिलंय? त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही. ती दवाखान्यात होती तेव्हा मी गेले नाही. आज जाईन, उद्या जाईन म्हणत राहिले. आता ती माझा घसा मागतेय. तिचा हक्कच आहे."

 ही गोष्ट गायत्रीला ठाऊक होती. आईनंच सांगितली होती, रडत. क्षणभर तिला काकूचा रागही आला. पण आईचं भूत करून कुणी काकूचा गळा जाळावा, हा राग त्याहून मोठा होता.

"यंत्र कधीपासून बंद पडायला लागलं?"

"तुझ्या आईची पेटी लावली तेव्हापासून. आधी दोन पेट्या होत्या. मग मंगलाबाईनं सासऱ्यांच्या नावानं दिली, मग तू दिलीस. तुझी लावली आणि लगेच दोनदा बंद पडलं. म्हणून तर भगताला बोलावलं. आणि एकदा छगननं तुझ्या आईची पेटी काढून बघितली, तर गाणं पुरं झालं. मग आणखी काय पाहिजे?"

गायत्रीनं कपाळावर हात मारला. "पैसे मी पाठवले. कितवी पेटी आहे ते विचारलं नाही. मीच पोरांना हे शिकवते आणि मीच विचारलं नाही!"

ती तशीच छगनच्या दुकानात गेली. छगन मोबाइल दुरुस्ती करतो आणि मंडळाचा साऊंड फुकट सांभाळतो. मनाचा चांगला माणूस.

"छगनभाऊ, पेट्या जोडल्या कशा?"

"शिस्तीत जोडल्यात! पेटीमागं आठ ओम लिहिलंय. मशीन म्हणतं, कमीत कमी चार ओम पाहिजे. आपण चारही पेट्या मशीनच्या तारा जोडायच्या एकाच खिळ्याला शेजारी शेजारी लावल्या. आठ चोक बत्तीस! चार मागितले तर बत्तीस दिले. आणि देवळातच जितके ओम जास्त तितकं चांगलंच ना?"

गायत्रीला हसावं की रडावं कळेना. "भाऊ, हा ओम देवाचा नाही. पेटीमागं ते नालेसारखं दिसतं ना, ते 'ओहम' नावाच्या मापाचं चिन्ह. पेटी विजेला किती अडवते त्याचं माप. एका खोलीत गर्दी आहे आणि दार एकच, तर लोक अडतात. शेजारी शेजारी चार दारं पाडली तर अडवणूक वाढेल की कमी होईल?"

"कमी."

"मग आठ चोक बत्तीस कसे? आठाचा चौथा भाग. दोन! मशीनला चार झेपतात, तू दोनवर जुंपलंस."

 छगननं आपला मीटर काढून दिला. देवळात जाऊन तारा सोडून बघितलं, तर काटा दोनच्याही खालीच थांबला. "लगेच बदलतो," तो घाईनं म्हणाला.

"आज नको. आज बदललंस तर भगत म्हणेल, मीच आत्मा शांत केला. उद्या सगळ्यांसमोर."

रात्रभर मंदाला झोप नव्हती. गायत्रीनं तिला सगळं सांगितलं होतं, तरी तिच्या छातीतली धडधड थांबेना. गणित डोक्याला पटतं, छातीला पटायला वेळ लागतो.

रविवारी गर्दी दुप्पट झाली. बाजूला शेगडी पेटली होती आणि निखाऱ्यांवर चांदीचा रुपया ठेवला होता. मंदाला त्याच्याकडं बघायचं नव्हतं, पण नजर तिकडंच जात होती. तासभर भजनं झाली, ती माइकपुढं बसली, ओळ आली, 'परतून'वर कण्हणं आलं आणि सगळं बंद. भगतानं डहाळा उचलला.

"थांबा." गायत्री उठली. "भगत, मंत्र म्हणा. पण शाल तशीच राहू द्या आणि पाला हलवू नका."

"का? विधी तसाच असतो!"

"मंत्रानं भूत पळतं की वाऱ्यानं? मंत्रानं ना? मग म्हणा."

लोकांनाही उत्सुकता वाटली. भगतानं एकशे आठ नावं घेतली. मग पुन्हा घेतली. घसा बसला, घाम निथळला, पण पेट्यांत साधं 'टक्'सुद्धा झालं नाही.

गायत्रीनं शाल काढून बाजूला ठेवली आणि सुपडूचा हात धरून यंत्रावर ठेवला. त्यानं चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग तिनं देवळातलं स्टीलचं ताट उचललं आणि तोंडातून एक अक्षर न काढता वारा घालायला लागली. दहा मिनिटांनी 'टक्' झालं. घूं घूं सुरू झालं.

"कुठला मंत्र म्हटला मी?" ती म्हणाली. "हे यंत्र जास्त तापलं की जळू नये म्हणून आपलं आपण बंद पडतं. थंड झालं की आपलं आपण सुरू होतं. शालीनं हवा अडली, म्हणून दर रविवारी हमखास बंद पडायला लागलं."

"पण मंदानंच गायलं की का?" कुणीतरी विचारलं.

"काकू शेवटी गाते, तोवर यंत्र तासभर तापलेलं असतं. आणि तिचा आवाज तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठा आहे. लूमनं केलाय. जितका मोठा आवाज, तितकी जास्त वीज. काकू, तू किती लूमच्या कांड्या भरतेस?"

"बारा," मंदा चाचरत म्हणाली.

"शेठनं चोवीस दिले तर?"

"पडेन की चक्कर येऊन."

"मग तुला भूत लागलं म्हणायचं?"

गर्दीतून थोडं हसू आलं. पण भगत इतक्या लवकर हरणारा नव्हता. "अन् पार्वतीची पेटी काढली की चालतं, ते? ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय!"

"बरोबर. छगनभाऊ, आईची पेटी राहू दे. मंगलाबाईंच्या सासऱ्यांची काढा."

"अगं बाई!" मंगलाबाई उसळल्या. "आमचे मामंजी काय भूत आहेत?"

"नाहीत, मावशी. तेच तर दाखवायचंय."

मामंजींची पेटी सुटली. पार्वतीची पेटी जोडलेलीच राहिली. मंदा गायला बसली.  'दार उघडं ठेव माय' आलं, 'परतून' आलं, सूर चढला, आणि चढलेलाच राहिला. गाणं पुरं झालं. गायत्रीनं तिला पुन्हा गायला लावलं, तरी पुरं झालं. यंत्र जरा कुरकुरलं, पण निभावलं.

"नाव कुणाचंही असो, चारातली एक कमी झाली की भार कमी होतो," गायत्री म्हणाली. "आणि ही आठ नाल? बाकीच्या तीन पेट्याही फिरवून बघा." दोघांनी फिरवल्या. प्रत्येकीच्या पाठीवर तोच आठ, तीच नाल. मंगलाबाईंनी मामंजींची नाल बघून डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आता चारही वाजवू. दोन पेट्या एकापुढं एक, म्हणजे दोन दारं ओलांडूनच बाहेर पडायचं. आठ आणि आठ सोळा. अशा दोन जोड्या शेजारी शेजारी, म्हणजे सोळाचे निम्मे आठ. मशीनच्या आठच्या खिळ्याला लावायचं. मशीन दोनशे वॉटचं, पेट्या साठ-साठच्या. प्रत्येकीच्या वाट्याला पन्नास. कुणीच जळत नाही."

छगन तारा बदलायला बसला. एवढी माणसं बघत होती, तो घाई करायला लागला. गडबडीत यंत्र बंद करायचं राहिलं आणि एका तारेची उघडी टोकं शेजारच्या खिळ्याकडं सरकली. तोच भगत ओरडला.

"अरे शॉर्ट करशील! आधी मेन बंद कर, मग चारच्या टर्मिनलवरून काढ!"

 छगननं हळूच मान वर केली.

"भगत, तुम्हाला तर यंत्रातलं ओ की ठो कळत नाही ना?"

 एकाएकी भगताला पाणी हवंसं वाटलं, तो बाहेर निघाला. पण पलसाण्याच्या रंगाऱ्यांतला एकजण पुढं आला आणि त्याच्या तोंडाकडं निरखून म्हणाला, "अरे, हा तर आमच्याकडच्या मंडपवाल्याचा आनंदा! सहा वर्षं भोंगे बांधत होता. टिळा लावल्यानं ओळखू आला नाही."

"भुकेपोटी केलं," भगत पुटपुटला. "माझ्यासमोर पहिल्यांदा बंद पडलं तेव्हाच कळलं मला काय झालंय ते."

"कळलं होतं, आणि तरी माझ्या काकूचा गळा डागणार होतात," गायत्री म्हणाली. "असं डागणं गुन्हा आहे. कायदा महाराष्ट्रात आहे, गुजरातेतही झालाय. इथून कुठं जायचं नाही. बाकीचं पोलीस चौकीत सांगा." रंगाऱ्यांनी त्याला दोन्ही दंडांना धरलं. कुणी हात उगारला नाही, गायत्रीनं उगारू दिला नाही.

जोडणी झाली. मंदा तिसऱ्यांदा बसली. चार पेट्यांतून तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला, स्वच्छ, कण्हल्याशिवाय. ती गात होती आणि पहिल्यांदाच तिला ऐकू येत होता तो फक्त तिचा आवाज. दुसऱ्या कुणाचा नव्हता. तिला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी फार एकटंही वाटलं.

गाणं संपल्यावर सुपडू उठला. तो त्या चौथ्या पेटीजवळ गेला आणि तिच्या जाळीवर हात ठेवून उभा राहिला.

"म्हणजे पारू इथं नाही?"

"नाही, बाबा."

"दर रविवारी ते कण्हणं..."

"भार झेपत नव्हता म्हणून आवाज फाटत होता. आई गेली, बाबा. वर्ष झालं."

सुपडू तिथंच खाली बसला. स्मशानात तो रडला नव्हता, तेराव्याला रडला नव्हता. आता एवढ्या गर्दीत तो हमसून हमसून रडायला लागला. मंदा बघत राहिली. आजवर तिला वाटत होतं, दादांचा आपल्यावर राग आहे, म्हणून ते डागायला हो म्हणाले. राग नव्हताच. दर रविवारी बायको येते हे त्यांना हवं होतं. त्यासाठी मंदाचा गळा गेला तरी त्यांना चाललं असतं.

"मंदा," तो म्हणाला, "ती येते म्हटल्यावर मला पुढचं काही दिसेना. तुझा गळा जाळला असता मी."

मंदा त्याच्यासमोर बसली. तिला एवढंच सुचलं. "दादा, मी तिला भरल्या बायांत बोलले होते. तुझ्या घशात काय राहिलंय, असं. दवाखान्यातही आले नाही."

"आईला ते फार लागलं होतं," गायत्री मागून म्हणाली. तिला खोटं बोलायचं नव्हतं. "भूत असतं तर बरं झालं असतं, काकू. शिक्षा दिली असती नाहीतर माफी दिली असती. आता दोन्ही द्यायला ती नाही. म्हणून तर जी माणसं आहेत त्यांच्याशी वेळेवर बोलायचं."

मंदानं तिचा हात घट्ट धरला.  छगननं शेगडीवर पाणी ओतलं. रुपया चरचरला आणि काळा पडला.

शेवटी सुपडूनं डोळे पुसले आणि तो माइकपाशी गेला. मंडळाचा प्रमुख म्हणून त्यानं तिथं शेकडो सूचना दिल्या होत्या, वर्गणीच्या, चपला नीट ठेवायच्या, प्रसादाच्या रांगेच्या. त्याच सुरात, पण अडखळत तो बोलला.

"मंडळींनो, एक सूचना आहे. यापुढं आपल्याकडं काही बंद पडलं, कुणी आजारी पडलं, कुणाचं पोर दगावलं, तर आधी कारण शोधायचं. वायर बघायची, डॉक्टरला विचारायचं, शिकलेल्या माणसाला बोलवायचं. बाईकडं बोट करायचं नाही. मी केलं होतं."